चौकट भरली, चित्र गेले

सातारा-सांगलीकडे घरी चित्रपट पाहणाऱ्यांकडून मी एक तक्रार वारंवार ऐकतो : पडद्यावर काळ्या पट्ट्या का? उत्तर रुंदी-उंचीच्या गुणोत्तरात आहे. आजचा टीव्ही १६:९, म्हणजे उंचीच्या १.७८ पट रुंद. प्रभातच्या 'संत तुकाराम'ची (१९३६) चौकट सुमारे १.३७ पट, म्हणून पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूंना. वाईजवळ मेणवलीत चित्रित झालेल्या 'स्वदेस'ची (२००४) सुमारे २.३५ पट, म्हणून त्या वर-खाली.

पट्ट्या नकोत म्हणून चित्र मोठे करून पडदा भरला, की 'तुकाराम'ची जवळजवळ पाव उंची कापली जाते. कुणाचे डोके जाते, कुणाचे पाय. 'स्वदेस'ची पाव रुंदी जाते. मेणवलीचा घाट आखडतो. कापण्याऐवजी ताणले, तर 'तुकाराम'मधली माणसे ३० टक्के रुंद दिसतात.

दामले-फत्तेलालांनी आखलेली चौकट हा त्यांच्या कथनाचाच भाग आहे. नव्या पिढीची या चित्रपटांशी पहिली भेट आता घरच्याच पडद्यावर होते. तेव्हा टीव्हीवर मूळ गुणोत्तराचा पर्याय निवडावा. काळी पट्टी हा दोष नाही. पडदा भरण्यासाठी चित्र कापलेले नाही, याची ती खूण आहे.