शिशुधानी स्तनी
मार्सुपिएलिया. अत्यंत अपक्व पिलांना जन्म देऊन त्यांची पुढील वाढ स्तनाग्राशी चिकटलेल्या अवस्थेत पूर्ण करणारे स्तनी प्राणी. शिशुधानी म्हणजे मादीच्या पोटावरील पिशवी. काही जातींत मात्र ती नसते. तांबड्या कांगारूचा गर्भावधी सु. ३३ दिवसांचा असून नवजात पिलाचे वजन सु. १ ग्रॅ. असते. आईच्या केसांतून सरपटत ते शिशुधानीत शिरते व तेथे सु. आठ महिने वाढते.

यांच्या ३५० हून अधिक जाती आज अस्तित्वात असून त्यांचे सात गण मानतात. पैकी तीन अमेरिकेत, तर चार ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी व लगतच्या बेटांत आढळतात. भारतात यांची एकही जाती निसर्गतः आढळत नाही. याचे कारण भूखंडांच्या विभाजनात आहे.

क्रिटेशस कल्पात यांचे पूर्वज उत्तर गोलार्धात होते. पुढे दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका या मार्गाने ते ऑस्ट्रेलियात पोहोचले. अंटार्क्टिकातील सेमूर बेटावरील जीवाश्मांचे (शिळारूप अवशेषांचे) वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या मार्गास पुष्टी मिळाली. क्वीन्सलँडमधील मर्गन येथील जीवाश्म सु. ५·५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. भारतीय भूखंड मात्र सु. १३ कोटी वर्षांपूर्वीच अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलियापासून अलग होऊ लागला होता. पुण्याचा परिसर ज्या बेसाल्टाचा बनलेला आहे, तो लाव्हा सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला, तेव्हा हा भूखंड समुद्राने वेढलेला होता. अशाच लाव्हाथरांमधील गाळात, तेलंगणातील नसकल येथे सापडलेला डेक्कनोलेस्टिस (वर्णन १९८८) हा लहान स्तनी वार असणाऱ्या स्तनींच्या शाखेतील मानला जातो.

ऑस्ट्रेलियात वार असणाऱ्या भूचर स्तनींची स्पर्धा दीर्घकाळ फारशी नव्हती. त्यामुळे शिशुधानी प्राण्यांत चरणारे, बिळे करणारे, मांसाहारी असे विविध प्रकार निर्माण झाले. शुगर ग्लायडर हा तेथील प्राणी सह्याद्रीतील उडणाऱ्या खारीप्रमाणे कातडीच्या पडद्याच्या साहाय्याने तरंगत जातो. पण दोहोंत निकटचे नाते नाही. समान जीवनपद्धतीमुळे आलेल्या अशा साम्यास अभिसारी क्रमविकास म्हणतात. साम्यामुळे नावेही फसवी ठरतात : तेथील बँडिकूटचे नाव घुशीच्या ‘पंदिकोक्कु’ या तेलुगू नावावरून आले आहे.

निर्वंश झालेल्यांपैकी डायप्रोटोडॉन सर्वांत मोठा असून त्याचे वजन सु. २,७०० किग्रॅ. असावे. तो सु. ४०,००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला. पट्टेदार टास्मानियन लांडगा (थायलसीन) मात्र मानवाच्या डोळ्यांदेखत संपला. मेंढ्यांचा शत्रू मानून त्याला मारणाऱ्यास टास्मानियाच्या शासनाने १८८८ पासून १९०९ पर्यंत बक्षीस दिले. त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९३६ मध्ये; त्याच वर्षी ७ सप्टेंबरला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातील ज्ञात असलेला शेवटचा प्राणी मरण पावला.