नवा कोच आला की संघ आधी हरतो का?

बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ हेच कॅन्सस विद्यापीठाचे पहिले कोच (१८९८–१९०७). हिशेब: ५५ विजय, ६० पराभव. विजयांपेक्षा पराभव जास्त, असा तिथला एकमेव कोच! खुद्द जनकाची ही गत, तर गोरेगावातल्या एखाद्या कॉलेजच्या नव्या सरांना दिवाळीपर्यंत तरी सबुरी मिळायला हरकत नसावी.

गाडी अडते ती बहुधा बचावात. आधीचे सर ‘झोन’ खेळवायचे, प्रत्येकाने आपापली जागा राखायची. नव्यांना ‘मॅन टू मॅन’ हवा, प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा. समोरच्याने स्क्रीन लावली, म्हणजे मध्ये उभं राहून वाट अडवली, की कोणी कोणाला धरायचं, हे त्याच क्षणी ओरडून सांगावं लागतं. पोरं सवयीने जागेवरच थांबतात आणि बास्केटखाली समोरचा मोकळा! मग घाईत हात लागतो, फाऊल होतो. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल भरले, की पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाऊलला दोन फ्री थ्रो.

हल्ल्याला २४ सेकंद. त्यातल्या पहिल्या ८ सेकंदांत चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे गेलाच पाहिजे. नवी चाल आठवेपर्यंत घड्याळ वाजतं.

शिवाय टीवायची (तिसऱ्या वर्षाची) पोरं बाहेर पडली की संघ निम्मा नवा. त्यात जून ते सप्टेंबर उघड्या सिमेंट कोर्टवर पाणी, आणि सराव लेक्चरआधी, भल्या पहाटे. २०१८पासून हार्बर लोकल गोरेगावपर्यंत येते, म्हणून वडाळ्याच्या पोराला अंधेरीत गाडी बदलावी लागत नाही, एवढीच काय ती सोय.