'झालं' म्हणजे नेमकं कधी?

मागच्या व्याख्यानात आपण 'वचन' या विषयावर बोललो होतो. शेवटी प्रश्नोत्तरांत एका तरुण अभियंत्यानं विचारलं, "सर, आमचा प्रोग्राम वापरणाऱ्याला 'सेव्ह झालं' असं सांगतो. पण त्या क्षणी माहिती डिस्कवर गेलेली नसते. ती रांगेत असते आणि मागच्या मागे सावकाश लिहिली जाते. हे खोटं बोलणं आहे का?"

मी "पुढच्या वेळी बोलू" असं म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर मला प्रश्नच पुरता कळला नव्हता. त्यानंतर महिनाभर मी तो समजून घेत होतो. आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. तांत्रिक भाग आधी घेऊ, कारण यंत्र कसं चालतं हे कळल्याशिवाय त्यावर नीतीची चर्चा करण्यात अर्थ नाही.

तुमच्या खिशातल्या फोनमध्ये एसक्यूलाइट नावाचा एक डेटाबेस आहे. फोन अँड्रॉइड असो की आयफोन, तो आहेच. मोठे डेटाबेस वेगळ्या संगणकावर स्वतंत्र चालतात, आपला प्रोग्राम त्यांच्याकडे निरोप पाठवतो. एसक्यूलाइट तसा नाही. तो प्रोग्रामच्या पोटातच राहतो आणि सगळी माहिती एका साध्या फाइलमध्ये ठेवतो. म्हणून त्याला एम्बेडेड डेटाबेस म्हणतात. रिचर्ड हिप या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं २००० साली तो लिहिला. तेव्हा ते अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या प्रोग्रामवर काम करत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की प्रोग्रामही अडून बसायचा. मग सर्व्हरच नसलेला डेटाबेस का करू नये, असा विचार त्यांनी केला.

आता या फाइलमध्ये लिहिणं म्हणजे काय ते पाहू. प्रोग्राम 'लिही' म्हणतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम ती माहिती आधी मेमरीत ठेवून घेते आणि सवडीनं डिस्कवर उतरवते. मेमरीतलं वीज गेली की पुसलं जातं. म्हणून ज्याला खात्री हवी त्यानं आणखी एक सूचना द्यावी लागते, 'डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत मी थांबतो.' हे थांबणं फार महाग पडतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी फिरती डिस्क घ्या. म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एक व्यवहार सुरक्षित नोंदवायला साधारण दोन फेरे लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० व्यवहार. हाच डेटाबेस एका व्यवहारात बांधलेल्या नोंदी मात्र सेकंदाला ५०,००० सहज करतो. तेव्हा वेळ खातो तो हा खात्रीचा थांबा.

एसक्यूलाइट हा थांबा घेतो तो का? समजा एका खात्यातून शंभर रुपये काढून दुसऱ्यात टाकायचे आहेत. काढून झाले आणि टाकायच्या आत वीज गेली, तर शंभर रुपये हवेत गेले. हे टाळायला त्याची मूळ पद्धत अशी: फाइलचं जे पान बदलायचं त्याची जुनी प्रत आधी 'जर्नल' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायची. ती डिस्कवर उतरली याची खात्री करायची. मग मूळ पान बदलायचं, पुन्हा खात्री करायची. शेवटी जर्नल पुसून टाकायचं. जर्नल पुसलं तो क्षण म्हणजे 'झालं'. त्याआधी केव्हाही वीज गेली, तर पुढच्या वेळी डेटाबेस उघडताना जर्नल सापडतं आणि जुनी पानं जागच्या जागी परत ठेवली जातात. व्यवहार पूर्ण होतो, नाहीतर मुळीच होत नाही.

आपल्या अभियंत्याला हवा होता वेग. त्यासाठी एसक्यूलाइटला पूर्वी एक जोड मिळत असे. तिची कल्पना साधी आहे. डेटाबेसनं 'लिही' म्हटलं की डिस्कपर्यंत जायचंच नाही. ती सूचना मेमरीतल्या एका रांगेत ठेवायची आणि लगेच सांगायचं, 'झालं.' दुसरा एक थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्रामच्या आत समांतर चालणारा कामकरी म्हणा, रांगेतून एकेक सूचना काढतो आणि डिस्कवर प्रत्यक्ष लिहीत राहतो. वापरणाऱ्याला थांबावं लागत नाही.

यात पहिली अडचण वाचण्याची. आत्ताच 'लिहिलेली' गोष्ट वाचायला गेलो आणि ती अजून रांगेतच असेल तर? म्हणून वाचताना फाइल पाहायची आणि रांगही पाहायची. रांगेत नवं असेल तर ते फाइलमधल्या जुन्यावर चढवून द्यायचं. म्हणजे आत राहणाऱ्याला सगळं झालेलंच दिसतं. जोवर घर उभं आहे, तोवर फरक कुणालाच कळत नाही.

कळतो तो घर पडल्यावर. वीज गेली किंवा प्रोग्राम मध्येच कोसळला, तर रांग गेली. ज्यांना 'झालं' असं सांगितलं होतं, त्यांतले शेवटचे काही व्यवहार नाहीसे होतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या, कारण सगळं उत्तर तिच्यावर उभं आहे. रांगेतला क्रम कधी मोडत नाही. जर्नल आधी, खात्री मग, पान नंतर, पुसणं शेवटी, याच क्रमानं मागचा थ्रेड लिहितो. त्यामुळे अपघातानंतर फाइल उघडली तर ती जुनी असेल, पण मोडकी नसेल. काल संध्याकाळी पाच वाजता जे खरं होतं ते मिळेल. अर्धं पाचचं आणि अर्धं सहाचं असं कधीही न घडलेलं चित्र मिळणार नाही.

याउलट, खात्रीचे थांबे नुसते काढून टाकायचीही सोय एसक्यूलाइटमध्ये आहे. तेव्हा कोणतं पान आधी उतरेल ते ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. तिथे वीज गेली तर अख्खी फाइलच बिघडू शकते. वरवर पाहता दोन्ही मार्ग सारखेच, घाईचे. पण एकात आपण ताजेपणा गमावतो, दुसऱ्यात सुसंगती.

डेटाबेसच्या शास्त्रात व्यवहाराचे चार गुण मानतात. तो अखंड असावा, सुसंगत असावा, शेजारच्या व्यवहारात त्याची सरमिसळ होऊ नये, आणि एकदा झाला की टिकावा. मागच्या मागे लिहिणारी जोड पहिले तीन राखते आणि चौथा सोडते.

आता माझी एक गोष्ट सांगतो. सांगायला बरी वाटत नाही, पण इथे तिची गरज आहे. मी तेव्हा नवा प्राध्यापक होतो. एका विद्यार्थिनीला शिष्यवृत्तीसाठी माझं शिफारसपत्र हवं होतं. मी ते लिहिलं, पाकिटात घातलं आणि कार्यालयात जावक टपालाच्या ट्रेमध्ये ठेवलं. ती जिन्यात भेटली. "सर, पत्र गेलं का?" मी म्हटलं, "गेलं." कारकून रजेवर होता. पाकीट इतर कागदांखाली दबलं आणि मुदत उलटून गेल्यावर निघालं. शिष्यवृत्ती गेली.

मी खोटं बोललो का? माझ्या दृष्टीनं माझं काम संपलं होतं. पण 'गेलं' हा शब्द तिच्या कामाचा होता. त्या शब्दावर विसंबून ती निर्धास्त झाली. "ट्रेमध्ये ठेवलंय" एवढंच मी म्हटलं असतं, तर ती स्वतः पाकीट घेऊन पोस्टात गेली असती. मी वेळ वाचवला माझा, किंमत मोजली तिनं.

जॉन ऑस्टिन या तत्त्वज्ञांचा उल्लेख मागे झाला होता. १९५५ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी दाखवून दिलं की काही वाक्यं माहिती देत नाहीत, कृती करतात. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक आहे लग्नात दिलेला होकार. आणि गंमत पाहा, व्यवहाराची संकल्पना ज्यांनी घडवली ते संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे, त्यांनीही १९८१ च्या आपल्या निबंधात करारांची चर्चा करताना ख्रिस्ती लग्नविधीचंच उदाहरण घेतलं. दोघांचा होकार आला, धर्मगुरूंनी जाहीर केलं की लग्न लागलं. त्यापुढे मागे फिरणं नाही.

म्हणजे डेटाबेसचं 'झालं' हे डिस्कचं नुसतं वर्णन नाही. ते ऐकणाऱ्याला दिलेलं वचन आहे: 'आता तू यावर विसंबून पुढचं पाऊल टाक.' मग 'डिस्कवर गेलं होतं का' एवढंच विचारून भागणार नाही. ऐकणाऱ्यानं कोणतं पाऊल टाकलं, हेही विचारावं लागेल.

या जोडीची आणखी एक खोच इथेच कळते. समजा रांगेतलं लिहिताना डिस्क भरली. चूक सांगायची कुणाला? ज्याचा व्यवहार होता तो 'झालं' ऐकून केव्हाच निघून गेलाय. चूक कळते ती नंतर लिहायला येणाऱ्याला. एकाचं अपयश दुसऱ्याच्या पदरात पडतं.

पुढे २०१० साली एसक्यूलाइटच्या ३.७.० या आवृत्तीत वेगळी पद्धत आली आणि ही जोड मागे पडली. नवी पद्धत आपल्या जुन्या व्यापाऱ्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दुकानात दिवसभराची देवघेव घडेल त्या क्रमानं कीर्दीत उतरायची. नंतर सवडीनं खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढायची. नव्या पद्धतीत बदल आधी एका कीर्दवजा फाइलच्या शेवटी लिहितात आणि मुख्य फाइलमध्ये नंतर चढवतात. खात्रीचा थांबा दर व्यवहाराला न घेता अधूनमधून घेण्याची मुभाही तिथे आहे. तेव्हा प्रोग्राम कोसळला तरी नोंद राहते, कारण ती ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती पोचलेली असते. वीज गेली तर मात्र शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. फाइल तरीही सुसंगत राहते. वेग आणि खात्री यांतला सौदा संपला नाही, थोडा स्वस्त झाला.

आता त्या तरुणाला उत्तर. तुझा प्रोग्राम खोटारडा आहे असं मी म्हणणार नाही. पण स्वतःला तीन प्रश्न विचार. क्रम राखला जातो का? तो मोडत असेल तर पुढे बोलायलाच नको. दुसरा, हरवलेलं पुन्हा करता येईल का? कादंबरीचं कोणतं पान उघडं होतं ही नोंद गेली तर वाचक दोन पानं मागून वाचेल. पण 'झालं' ऐकून यंत्रानं नोटा बाहेर दिल्या असतील, तर त्या परत आत घेता येत नाहीत. जिथे शब्द घराबाहेर पडतो, तिथे थांबायलाच हवं. आणि तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: नुकसान कुणाचं होणार, आणि त्याला हे ठाऊक आहे का? पाच सेकंदांचं काम गमावण्याची जोखीम ज्याचं काम आहे त्यानं पत्करावी. ती त्याच्या वतीनं परस्पर पत्करण्याचा अधिकार तुला नाही.

आणि शक्य असेल तिथे शब्द बदल. 'घेतलं, लिहितो आहे' असं म्हण. मग लिहून झालं की 'झालं'. एवढ्याशा फरकानं ऐकणारा ठरवू शकतो, निर्धास्त व्हायचं की पाकीट घेऊन स्वतः पोस्टात जायचं.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.