पॅड नवे आहे, पण निर्जंतुक आहे का?

जबलपूरच्या कांचघर भागातले एखादे मराठी घर घ्या. सासूबाई ऑपरेशननंतर घरी आल्या आहेत. सूनबाई औषधाच्या दुकानातून दोन प्रकारची पॅड आणते : एक अंथरुणावर घालायचे, दुसरे टाक्यांवर ठेवायचे. दुकानदार दोन्हींना 'डिस्पोजेबल' म्हणतो आणि घोटाळा इथेच होतो. टाक्यांवरची पॅड संपली की अंथरुणाच्या पॅडचा तुकडा कापून जखमेवर ठेवला जातो. नवे कोरे, पांढरेशुभ्र तर आहे!

डिस्पोजेबल म्हणजे एकदा वापरून टाकायचे, एवढेच. अंथरुणाचे पॅड सहसा स्वच्छ असते, निर्जंतुक नसते. धडधाकट त्वचेखाली ते चालते. उघड्या जखमेवर मात्र नाही. कापल्यावर त्यातला लगदाही जखमेत चिकटतो.

जखमेचे पॅड निर्जंतुक होते ते वाफेने, इथिलीन ऑक्साइड वायूने किंवा गॅमा किरणांनी. हॉस्पिटलातल्या ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ १२१ अंश सेल्सियसपर्यंत तापते. मुंबईत तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात १९७४ मध्ये 'आयसोमेड' हा प्रकल्प सुरू झाला. तिथे कोबाल्ट-६० चे किरण बंद खोक्यांतून आरपार जातात आणि पाकीट न उघडता आतला माल निर्जंतुक होतो. त्याने पॅड किरणोत्सारी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

निर्जंतुकपणा टिकतो तो पाकीट बंद आहे तोवरच. उन्हात वाळवून, इस्त्री फिरवून किंवा जंतुनाशकात बुडवून तो घरी परत आणता येत नाही. म्हणून घेताना 'स्टराइल' हा शब्द आणि मुदत बघा. वर्तुळात काट मारलेला २ चा आकडा असेल तर वस्तू पुन्हा वापरायची नाही. पावसाळ्यात ओलसर झालेले किंवा टाचणीएवढे भोक पडलेले पाकीटही बादच समजा. न्हाणीघरातल्या फळीवर तर पाकिटे ठेवूच नका.

हात साबणाने धुऊन मगच पाकीट फोडा, पॅड कडेला धरा. जखमेवर बसणाऱ्या बाजूला बोट लावू नका, की फुंकर घालू नका (ही सवय भल्याभल्यांना असते). काढलेले पॅड कागदात गुंडाळून वेगळे टाका, संडासात नको. जखम लाल झाली, पू किंवा वास आला, ताप चढला, तर पॅड बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

खर्चाचा प्रश्न खराच आहे. मोठे पाकीट स्वस्त पडते, पण एकदा फोडल्यावर उरलेली पॅड जखमेच्या कामाची राहत नाहीत. एकेक वेगळे बंद केलेले पॅड मागा. महाग वाटले, तरी एकही वाया जात नाही.