वागडच्या बायकांचा सौर कारखाना

राजस्थानच्या दक्षिण टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून डुंगरपूर जिल्हा आहे. वागडचा हा मुलूख डोंगराळ, शेती बरीचशी पावसावरची आणि वस्ती बहुतांशी भिल्लांची. शेतीवर वर्ष निघत नाही, म्हणून घरातले पुरुष मजुरीसाठी गुजरात गाठतात. घर, गुरं आणि शेत बायका सांभाळतात. याच जिल्ह्यात सौर पॅनेलचा एक कारखाना आहे. त्याची मालकी आदिवासी बायकांच्या संघटनांकडे आहे आणि तिथे काम करतात त्याही बायकाच. कागदोपत्री त्याचं नाव डुंगरपूर रिन्यूएबल एनर्जी टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड. बोलताना मात्र सगळे ‘दुर्गा’ म्हणतात.

या कारखान्याचा पाया रचला तो बचत गटांनी. राजस्थानात 2010 साली ‘राजीविका’ ही ग्रामीण उपजीविका परिषद स्थापन झाली. महाराष्ट्रातल्या ‘उमेद’ अभियानासारखंच तिचं काम. दहा-बारा बायकांचा एक गट, गावातल्या गटांचा मिळून ग्रामसंघ आणि अनेक ग्रामसंघांचा मिळून प्रभागसंघ. थोडी बचत करायची, गटातूनच कर्ज घ्यायचं, हप्ता वेळेवर फेडायचा, वहीत नोंद ठेवायची. दिसायला हे काम साधं आहे. पण यातूनच हिशेब मागण्याची आणि हिशेब देण्याची सवय लागते. कोणाचा शब्द पक्का, अडचणीत कोणाच्या मागे उभं राहायचं, हे गटातल्या बायकांना नेमकं ठाऊक असतं. बाहेरून आलेला कुठलाही प्रकल्प ही ओळख विकत घेऊ शकत नाही.

तंत्रज्ञान आलं मुंबईहून, पवईच्या आयआयटीतून. तिथले प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौर दिव्यांचा उपक्रम हाती घेतला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशा ही त्यातली राज्यं. मुलाला दिवा 120 रुपयांना मिळे, उरलेला खर्च सरकारी आणि देणगीच्या पैशातून भागे. दिवा गावाकडेच जुळवायचा, गावातच विकायचा आणि बिघडला तर गावातच दुरुस्त करायचा, ही या उपक्रमाची अट. तिच्यामागे कडू अनुभव होता. फुकट वाटलेले सौर दिवे बटण तुटलं किंवा बॅटरी संपली की माळ्यावर जातात, कारण दुरुस्त करणारा माणूस तालुक्यालाही सापडत नाही.

डुंगरपूरमध्ये हे काम 2016 मध्ये सुरू झालं. जिल्हा प्रशासन, राजीविका आणि आयआयटी एकत्र आले आणि काम प्रभागसंघांकडे सोपवलं. बायका सोल्डरिंग शिकल्या. सर्किटवर तारा जोडणं, बॅटरी बसवणं, एलईडी तपासणं, मल्टिमीटरवरचा आकडा वाचून दोष शोधणं, हे सगळं त्यांच्या हातात आलं. यातल्या बऱ्याच जणींचं शिक्षण जेमतेम झालेलं होतं. तरीही सुमारे 40,000 दिवे त्यांच्या हातून तयार होऊन घरोघरी गेले.

दिव्यांची योजना मात्र कधीतरी संपणारच होती. योजना संपली की प्रशिक्षण वाया जातं आणि शिकलेले हात पुन्हा रोजंदारीवर जातात, हे आपण अनेक ठिकाणी पाहिलं आहे. वागडच्या बायकांनी पुढचं पाऊल टाकलं. 2017 मध्ये ‘दुर्गा’ची नोंदणी झाली. ती कंपनी कायद्याखाली झाली असली, तरी भागधारक आहेत चार प्रभागसंघ. म्हणजे नफा झाला तर तो संघांकडे, त्यांच्यामार्फत गटांकडे जाणार. रचनेने कंपनी आणि वृत्तीने सहकारी संस्था, असा हा मेळ आहे.

पॅनेल बनवण्याचं काम नाजूक आहे. सिलिकॉनचा सेल पापडासारखा, जरा जोर पडला की तुटणारा. त्याची जाडी जेमतेम 0.2 मिलिमीटर. सेल लहान असो वा मोठा, तो साधारण अर्धाच व्होल्ट देतो. म्हणून लहान दिव्याच्या पॅनेलसाठी मोठा सेल लेझरने कापून त्याचे तुकडे करतात आणि बॅटरीला पुरेसे व्होल्ट मिळेपर्यंत ते एकापुढे एक जोडत जातात. जोडणी चपट्या तांब्याच्या पट्टीने होते. एक टाका कच्चा राहिला तर सगळी माळ निकामी होते. मग काच, चिकट थर, सेलची माळ, पुन्हा चिकट थर आणि मागचा पडदा असे थर रचून ते लॅमिनेटर यंत्रात ठेवतात. तिथे सुमारे दीडशे अंश तापमानाला हवा ओढून घेतली जाते आणि सगळं एकजीव होतं. शेवटी कृत्रिम उजेडाखाली प्रत्येक पॅनेलची चाचणी होते. जितके वॅट सांगितले तितके भरले, तरच पॅनेल बाहेर पडतं.

पुढची वाट सोपी नाही. मोठे कारखाने प्रचंड संख्येने माल काढतात, त्यामुळे त्यांची किंमत गाठणं लहान कारखान्याला अवघड जातं. कच्चा माल आधी विकत घ्यावा लागतो, पैसे उशिरा येतात आणि मधल्या काळासाठी खेळतं भांडवल लागतं. सरकारी निविदांमधल्या उलाढालीच्या अटी नव्या संस्थेला दारातच अडवतात. बायकांच्या कौशल्याचं कौतुक पुष्कळ होतं. त्यांना खरी गरज आहे ती मागणीची आणि वेळेवर मिळणाऱ्या पैशाची.

आपल्यासाठी ही गोष्ट फार जवळची आहे. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 पासून आहे, ‘उमेद’ 2011 पासून, आणि प्रभागसंघ जिल्ह्याजिल्ह्यांत उभे आहेत. आज गावोगावी सौर कृषिपंप बसताहेत, घरांच्या छतांवर पॅनेल चढताहेत. पॅनेलचं आयुष्य पंचवीस वर्षांचं मानतात. तेवढा काळ कोणीतरी ती पुसणार, जळालेली जोडणी बदलणार, इन्व्हर्टर तपासणार. हे काम शहरातल्या ठेकेदाराकडे जाऊ द्यायचं की त्याच गावातल्या प्रभागसंघाकडे द्यायचं, हे योजना आखतानाच ठरवावं लागेल. संघांना प्रशिक्षण द्यावं, देखभालीचे करार त्यांच्या नावाने करावेत आणि बिलं वेळेवर चुकती करावीत. एवढं झालं तर उरलेलं या बायका करून दाखवतील. डुंगरपूरने त्याचा पुरावा आपल्यासमोर ठेवला आहे.