इटलीहून आलेला दंड

मी पुण्यात इटालियन शिकवते. त्यामुळे उन्हाळ्यात टस्कनीत गाडी चालवून आलेली माणसं हिवाळ्यात नोटीस घेऊन माझ्या दारात उभी राहतात. म्हणणं बहुतेकांचं एकच : ‘अहो ताई, गाडीवाल्या कंपनीनं कार्डातून पैसे कापलेत की!’ ते पैसे दंडाचे नसतात. तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याची ती कंपनीची फी. दंड वेगळा, आणि तो सावकाश येतो. परदेशी राहणाऱ्याला नोटीस पाठवायला तिथल्या कायद्यात ३६० दिवसांची मुदत आहे.

महामार्गावर मर्यादा ताशी १३० किलोमीटर, पावसात ११०. काही ठिकाणी दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, तिथे कॅमेरा दिसल्यावर ब्रेक दाबून काही साधत नाही. रात्री दहा ते सकाळी सात या वेळेत दंड एक तृतीयांशाने वाढतो.

वेग फारच बेसुमार नसेल, तर पाच दिवसांत भरणाऱ्याला ३० टक्के सूट मिळते. साठ दिवस उलटले की रक्कम चांगलीच वाढते. हे मला गंभीर वाटतं, कारण लोक नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून मोकळे होतात. तसं करू नका. गाडीचा नंबर आणि तारीख भाडेकराराशी ताडून पाहा, जुळलं तर लगेच भरा आणि पावती जपून ठेवा.