उभ्या मोटारीची बॅटरी का उतरते?

२०२० च्या टाळेबंदीत माजिवड्यातील मोटारी आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या. अशा वेळी बॅटरी उतरली, की नवी घेण्याची घाई होते. परंतु दोष पुष्कळदा अन्यत्र असतो. मोटार बंद असताही घड्याळ, चोरघंटा इत्यादी थोडी वीज घेतातच. ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह स्वाभाविक होय. तरी तेवढ्यानेही दिवसाकाठी १.२ अँपिअर-तास वीज खर्चून ४५ अँपिअर-तासांची बॅटरी पाचएक आठवड्यांत रिती होते.

परीक्षेसाठी ऋण टोकाची तार सोडवून मध्ये अँपिअरमापक जोडावा, दारे लावून अर्धा तास थांबावे; एंजिन मात्र सुरू करू नये. प्रवाह अधिक दिसल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्याच्या काढण्याने आकडा उतरतो, त्याच्याच मंडलात चोर दडलेला असतो. तो न शोधता घेतलेली नवी बॅटरीही तशीच रिती होईल.